गेटवरचा रणगाडा आणि गोठ्यातली लॅम्ब्रेटा

लखनौला पोस्टिंग आली तेव्हा घरसामानाच्या ट्रकमध्ये एक वस्तू जास्तीची होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या गोठ्यात १९९८ पासून ताडपत्रीखाली पडून असलेली लॅम्ब्रेटा. आधीची पोस्टिंग पुण्याला होती, म्हणून ती गावाहून पुण्यापर्यंत आणून ठेवणं जमलं होतं. ट्रकवाल्याने दोन गाद्यांच्या मध्ये बांधून तिला लखनौपर्यंत पोचवलं. पोर्चमध्ये उतरवली तेव्हा सीटखालून कडब्याच्या काड्या आणि कोंबडीची पिसं निघाली. आमच्या सहायकाने विचारलं, "साब, यह चलेगी?" मी म्हटलं, बघू.

मी १९९८ साली खडकवासल्याला प्रबोधिनीत दाखल झालो. गावातून साताऱ्याच्या एसटी स्टँडपर्यंत अण्णांनी मला याच गाडीवरून सोडलं होतं. काळी ट्रंक पुढे पायाजवळ उभी केलेली, मी मागे. परत घरी जाऊन त्यांनी गाडी गोठ्यात लावली, ती पुन्हा निघालीच नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "तुला सोडायचं होतं, सोडलं. आता कुठं जायचंय?"

अण्णा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, नजर अधू झाली आहे. हिवाळ्यात ते आणि आई आमच्याकडे लखनौला यायचे होते. तोपर्यंत गाडी तयार करायची, असं मी ठरवलं. पण 'तयार' म्हणजे काय, हे ठरवायलाच तीन महिने गेले. हा लेख त्या तीन महिन्यांचा आहे. गाडीच्या निमित्ताने बराच इतिहास हाताला लागला, तोही सांगतो.

सुरुवात इटलीपासून करायला हवी, आणि तिथे आपली माणसं आधीच पोचलेली होती. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेनेच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन इटलीत लढल्या. मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांना तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या टायबर नदीच्या खोऱ्यातल्या लढाईबद्दल, मरणोत्तर. शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईबद्दल. ही नावं रेजिमेंटच्या माणसांना नव्याने सांगायला नकोत.

सेनिओच्या त्या दिवसानंतर बरोबर एक वर्ष आणि चौदा दिवसांनी, २३ एप्रिल १९४६ रोजी, इटलीतल्या पियाज्जो कंपनीने व्हेस्पा स्कूटरच्या पेटंटसाठी अर्ज केला. पियाज्जो युद्धात विमानं बनवत होती. पोंतेदेराचा तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला होता. व्हेस्पाचा रचनाकार कोर्रादिनो द'आस्कानिओ हा विमानांचा अभियंता. १९३० मध्येच त्याचं हेलिकॉप्टर उडालं होतं. म्हणून व्हेस्पाला वेगळी चौकट नाही. विमानाप्रमाणे पत्र्याचं अंगच सगळा भार पेलतं.

लॅम्ब्रेटाची जात वेगळी. फेर्दिनांदो इन्नोचेंती हा पोलादी नळ्यांचा कारखानदार. इमारतीभोवती नळ्यांची परात बांधतात, त्या धंद्यात त्याचं नाव झालं होतं. युद्धकाळात त्याच्या कारखान्यात तोफगोळ्यांची कवचं बनत. युद्ध संपलं, गिऱ्हाईक गेलं, कारखाना मोडला होता. हाताशी नळ्या आणि कामगार उरले. १९४७ मध्ये त्याने नळीच्या सांगाड्यावर स्कूटर उभी केली आणि मिलानच्या लांब्राते भागावरून तिला नाव दिलं. आजही लॅम्ब्रेटाचे पत्रे उतरवले की आत तो नळीचा कणा दिसतो आणि इंजिन बरोबर मधोमध बसलेलं असतं. व्हेस्पाचं इंजिन उजव्या कुशीत असतं. दोन्ही गाड्या चालवलेल्यांना हा फरक वळणावर कळतो.

स्कूटरचं फौजेशी नातं तर त्याहून जुनं. ब्रिटिशांनी पॅराशूटच्या नळकांड्यात घडी घालून बसेल अशी वेलबाइक केली होती. अमेरिकनांची कुशमन कंपनीची स्कूटर १९४४ मध्ये छत्रीधारी सैनिकांसाठी बनली. पुढे १९५६ च्या सुमारास फ्रेंच सेनेने व्हेस्पावर ७५ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवून घेतली. तोफ गाडीवरून वाहून न्यायची आणि तिवईवर ठेवून डागायची. आमच्या मेसमध्ये हा फोटो दाखवला तेव्हा एक तरुण कॅप्टन म्हणाला, "सर, हे एडिट केलेलं आहे." नाही. खरं आहे.

आता ही गाडी आपल्याकडे कशी आली ते पाहू. बजाजने १९४८ पासून व्हेस्पा आयात केल्या. १९५९ मध्ये सरकारचा उत्पादन परवाना मिळाला आणि पियाज्जोच्या सहकार्याने इथे स्कूटर बनू लागली. हे सहकार्य १९७१ मध्ये संपलं आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. हा भाग बहुतेकांना माहीत असतो. लॅम्ब्रेटाची शाखा मात्र मुंबईची. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, ही १९४९ ची कंपनी. तिचा कारखाना भांडुपला. इन्नोचेंतीकडून सुटे भाग आणून जोडणी करता करता तिने इथेच लॅम्ब्रेटा बनवायला घेतली. मिलानमध्ये सीरीज दोन हे मॉडेल १९५९ ते १९६१ एवढंच बनलं. भांडुपने ते त्यानंतर कितीतरी वर्षं चालवलं, पुढे 'लॅम्बी' या नावानेही. आमची गाडी १९६८ ची, भांडुपची, सीरीज दोन. १४८ सीसी, चार गिअर, दहा इंची चाकं, दिवा हँडलवर.

त्या काळात स्कूटर दुकानात जाऊन घेता येत नसे. उत्पादनावर परवान्याची मर्यादा होती, वाटपावर नियंत्रण होतं. १९६० साली त्यासाठी सरकारचा खास आदेशच निघाला होता. नोंदणी करायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. लग्नाच्या बोलण्यांत 'मुलाचा स्कूटरला नंबर लागलाय' हे स्थळाच्या बाजूने धरलं जाई. साहजिकच जुनी गाडी नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग विकली जायची.

अण्णांनी ही गाडी १९८१ मध्ये पुण्यात घेतली. तेव्हा ते हवालदार होते, आणि मी पाळण्यात. गाडी तेरा वर्षांची, तरी भाव चढा. पैसे कमी पडले, म्हणून आईच्या दोन पाटल्या सराफाकडे गेल्या. गहाण म्हणून गेल्या, त्या सुटल्या नाहीत. आमच्या घरात ही गोष्ट कुणी लपवली नाही आणि कुणी बोललीही नाही.

अण्णांनी गाडीचं लॉगबुक ठेवलं होतं. शंभर पानी वही, रेघा आखलेली, फौजेतल्या गाडीचं असतं तसं: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, काम. शेवटचा रकाना 'कारण'. 'बाजार.' 'शाळेची फी.' 'सौ.सह, सातारा, दवाखाना.' पुढे पुढे हा शेवटचा शेरा फार वेळा येतो. मला आठवते ती आई एका बाजूला बसलेली, एक हात अण्णांच्या खांद्यावर, दुसऱ्याने पदर धरलेला, पाय लोंबकळत.

लखनौत ही गाडी उघडणं हा योगायोग, पण बरा योगायोग. मिलानचा लॅम्ब्रेटाचा धंदा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आटोपला. तेव्हा भारत सरकारने तिथली यंत्रसामग्री आणि हक्क विकत घेतले आणि १९७२ मध्ये स्कूटर्स इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. कारखाना लखनौला, कानपूर रोडवर, सरोजिनी नगरला. मिलानची मशिनं इथे आली. देशात 'विजय सुपर' नावाने गाडी विकली गेली, बाहेर लॅम्ब्रेटा म्हणून. याच कारखान्याची तीनचाकी 'विक्रम' इतकी चालली की उत्तरेतल्या कित्येक शहरांत शेअर रिक्षाला लोक नुसतं विक्रम म्हणतात. १९९७ मध्ये दुचाकी थांबली. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी बंद करायला मंजुरी दिली. मधल्या काळात एक गंमत झाली. युरोपातले हौशी लोक आपल्या जुन्या इटालियन लॅम्ब्रेटा चालू ठेवायला लखनौचे सुटे भाग मागवत राहिले. जन्म मिलानचा, दाणापाणी लखनौचं.

मला मिस्त्री मिळाले ते त्याच कारखान्यात जन्म घालवलेले. वय सत्तरीपुढे, बोलणं अस्सल लखनवी. मी 'उस्ताद' म्हणायचो, ते मला 'हुज़ूर' म्हणायचे, आणि काम मात्र स्वतःच्याच वेळेने करायचे. रविवारी सकाळी यायचे. मी पाने हातात देणारा, माझी तेरा वर्षांची लेक फोटो काढणारी. प्रत्येक भाग काढायचा, फोटो, डब्यात ठेवायचा, डब्यावर चिठ्ठी.

मी सुरुवातीला ठरवलं होतं: गाडी मूळ स्वरूपात आणायची. कारखान्यातून निघाली तशी. रंग तोच, बोल्ट तोच. त्यासाठी मी फोटो जमवले, रंगाचे नमुने जमवले. उस्तादांनी इंजिन उघडलं आणि माझ्या 'मूळ'चे तुकडे टेबलावर मांडायला सुरुवात केली.

सांगाडा भांडुपचा. सिलिंडर लखनौचा. लॉगबुकात नोंद सापडली: '१९९१, सिलिंडर नवा, लखनौ मेक.' उस्तादांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हुज़ूर, यह तो हमारे घर की चीज़ है." त्याआधीचा सिलिंडर दोनदा बोअर होऊन संपला होता, त्याच्याही तारखा वहीत होत्या. स्पीडोमीटरची केबल रिक्षाची, कापून बसवलेली. पेट्रोलचा कॉक दुसऱ्याच स्कूटरचा. मागच्या ब्रेकचा लिव्हर लोहाराने ठोकून केलेला, आणि छान केलेला. रंगाचे थर खरवडले तर वरून राखाडी, खाली निळा, त्याखाली फिकट हिरवट. पेट्रोलची टाकी बाहेर काढली तर ती आतल्या बाजूने चक्क ऑलिव्ह ग्रीन. मोटार वाहन नियमांप्रमाणे हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. अण्णांना फोनवर विचारलं तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "गंज लागू नये म्हणून. बाहेरून दिसतंय का?"

मी त्या रविवारी रात्री बराच वेळ पोर्चमध्ये बसलो. यातलं मूळ नेमकं कुठलं? १९६८ ची गाडी? तिच्यात तर अण्णा नव्हते, आई नव्हती. ती कुणा अनोळखी माणसाची नवीकोरी गाडी होती. ते परत आणायचं तर मधली तीस वर्षं खरवडून टाकावी लागणार.

कायद्यानेही हाच पेच समोर ठेवला. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आमची गाडी वयाने बसते. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. नियम योग्य आहे. ठेव्याला ठेव्यासारखं जपायचं तर असंच हवं.

तेव्हा मला गेटवरचा रणगाडा आठवला. माजी सैनिक वाचकांना हे चित्र सांगायला नको. बहुतेक छावण्यांच्या, युनिटांच्या गेटवर एक तरी जुना विजयंता किंवा टी-५५ उभा असतो. रेझिंग डे आला की रंग, चुना, पितळ. सलाम करावा असाच असतो तो. पण त्याच्या नळीला डाट बसवलेला असतो आणि इंजिनाच्या जागी बहुधा चिमण्यांची घरटी.

लाइनमधल्या हत्याराचा न्याय वेगळा. टी-५५ सेवेत होता तोवर त्याची मूळची १०० मिलिमीटरची तोफ काढून आपण १०५ ची बसवली. रशियन बनावटीच्या १३० मिलिमीटर एम-४६ तोफेला १५५ ची नळी चढवली, तिला 'शारंग' नाव दिलं. पहिली शारंग मार्च २०२० मध्ये सेनेला मिळाली. तेव्हा कुणी म्हटलं नाही की तोफ बाटली. चाकं तीच, गाडा तोच, काम तेच आणि आवाका वाढला. ईएमईच्या बेस वर्कशॉपमध्ये गाडी जाते ती ओव्हरहॉलला जाते, शृंगाराला नाही.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला: आमची लॅम्ब्रेटा गेटवर जाणार की लाइनमध्ये?

लेकीचं मत तयार होतं: "बाबा, इलेक्ट्रिक करा." तिचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. चेतकचंच बघा. तिचं पेट्रोलवरचं गिअरचं उत्पादन थांबलं, आणि २०२० च्या जानेवारीत तेच नाव घेऊन इलेक्ट्रिक चेतक बाजारात आली. जुन्या गाड्यांना बसवायचे मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक संचही मिळतात. आरटीओकडे नोंद करून घेतली की कायदेशीर. धूर नाही, आवाज नाही. मीही दोन आठवडे त्याच विचारात होतो. जुन्या टू-स्ट्रोकचा धूर चांगला नसतो, हे मान्य करायला हवं. पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, आणि काही पेट्रोल न जळताच बाहेर जातं. लखनौच्या डिसेंबरमधल्या हवेत तर हे बोलायलाही लाज वाटते.

निर्णय शेवटी अण्णांमुळे झाला, तेही त्यांना न विचारता. उस्तादांनी इंजिन बाकावर बांधून पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी तो आवाज फोनवरून अण्णांना ऐकवला. नुसतं सांगितलं, ऐका. अर्धा मिनिट ऐकून ते म्हणाले, "चेन ढिली आहे. आणि मिक्श्चर पातळ झालंय." उस्तादांनी चेनचं झाकण उघडलं. लॅम्ब्रेटात इंजिनापासून गिअरबॉक्सकडे जाणारी दुहेरी चेन केसिंगच्या आत तेलात फिरते. तिचा ताण खरोखरच कमी होता. नजर गेलेल्या माणसाने बाराशे किलोमीटरवरून ते सांगितलं. इंजिन काढून टाकायचा विषय तिथे मिटला. लेकही काही बोलली नाही. धुराचं उत्तर आम्ही असं काढलं की गाडी कमी चालेल आणि नीट ट्यून राहील. हे पूर्ण उत्तर नाही, मला कबूल आहे.

मग यादी केली. डावीकडे 'तसंच', उजवीकडे 'नवं'.

नव्यात पहिलं आलं ते विजेचं काम. त्या काळच्या स्कूटरची वीज सहा व्होल्टची, फ्लायव्हीलच्या मॅग्नेटोतून येणारी. इंजिन हळू फिरलं की दिवा मिणमिणता, रेस केला की उजेड. वळणावर आणि खड्ड्याशी, म्हणजे उजेड हवा तिथेच, तो कमी. ठिणगीसाठी प्लॅटिनम पॉइंट, जे झिजतात, काळे पडतात. अण्णांच्या खिशात त्यासाठी कायम पॉलिश पेपरचा तुकडा असे. आम्ही बारा व्होल्टचा स्टेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. फ्लायव्हीलच्या झाकणाआड ते दिसतही नाही. ठिणगी आता जागच्या जागी आणि दिवा एकसारखा.

दुसरं, पेट्रोलची वाट. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, नळी फुगते, वॉशर गळतो. वर इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे बराच काळ उभ्या गाडीत टाकी आतून गंजते. म्हणून नळी, कॉकचे वॉशर, कार्ब्युरेटरचे गॅस्केट आणि क्रँकचे ऑइल सील नवे, इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घातले. तिसरं, ट्यूबलेस रिम. दहा इंची चाकाची ट्यूब पळत्या गाडीत फुटली की हँडल हातात राहत नाही. चौथं, आजच्या मापाचे मोठे आरसे, मागचा लाल दिवा आणि इंडिकेटर.

'तसंच'च्या रकान्यात: इंजिन, गिअर, केबली, ड्रम ब्रेक, किक. लोहाराचा लिव्हर. लखनौचा सिलिंडर. पुढच्या पत्र्यावरचा पोचा, जो मी चौथीत असताना गाडी स्टँडवरून पाडून केला होता. टाकीचा रंग मात्र खरवडला. अण्णांना कळवलं की नियम म्हणजे नियम. ते म्हणाले, "रिपोर्ट करू नको म्हणजे झालं." बाहेरून रंग दिला निळा, अण्णांच्या काळातला. १९६८ चा नाही.

विंटेजचा अर्ज मी केला नाही. नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं ठरवलं. त्याला कागद, तपासणी, जुना तीन अक्षरी नंबर, साताऱ्याला खेटा, सगळं आलं. ते अजून चालू आहे. तोपर्यंत गाडी क्वार्टरच्या फाटकाबाहेर जाणार नाही, हा हुकूम मी स्वतःलाच दिला आहे.

डिसेंबरात अण्णा आणि आई आले. अण्णा सामान ठेवायच्या आधी पोर्चकडे गेले. हँडलवरून, हेडलाइटवरून, सीटवरून हात फिरवत खाली आले, पोच्याशी थांबले. "हे ठेवलंस." एवढंच. मग किक मारायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

आई दारात उभी होती. तिला म्हटलं, "आई, कशी झालीय?" ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. म्हणाली, "सगळं केलंस. मला पाय ठेवायला कुठं हाय?"

मी बघतच राहिलो. तीन महिने मी मूळ काय आणि नवं काय याचा काथ्याकूट केला. मिलान, भांडुप, लखनौ सगळीकडे फिरून आलो. बारा व्होल्ट, इथेनॉल, ट्यूबलेस, प्रत्येक गोष्ट चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिली. मागे बसणाऱ्या माणसाचा विचार ना अण्णांनी सतरा वर्षांत केला, ना मी. नऊवारी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईचा एक पाय या गाडीवर कुठे टेकायचा? कुठेच नाही. सतरा वर्षं ती पाय हवेत धरून बाजाराला, शाळेत, दवाखान्यात गेली. लॉगबुकात 'सौ.सह' या तीन अक्षरांत तिचा सगळा प्रवास होता.

आणि पाटल्या तिच्या होत्या. हे तिने म्हटलं नाही. अण्णांनी म्हटलं, गाडीकडे तोंड करून, "गाडी तिचीच हाय. तिला काय पायजे ते कर."

उस्तादांना फोन केला. दुसऱ्या दिवशी, रविवार नसतानाही, ते आले. डाव्या बाजूला सांगाड्याच्या नळीला क्लॅम्प घालून पाय ठेवायची पट्टी बसवली. वेल्डिंग नको म्हणाले, हाड आहे ते गाडीचं. चाकात पदर जाऊ नये म्हणून जाळी लावली. सीटच्या मागे धरायला कडी केली. आईने आधी जमिनीवरच पाय ठेवून उंची सांगितली, "एवढी नको, अजून खाली." मापं तिने दिली, पट्टी दोनदा काढून बसवली. उस्ताद तिला 'अम्मा जी' म्हणत होते, वयाने बहुधा तेच मोठे असून.

संध्याकाळी मी गाडी काढली. आई मागे बसली, नेहमीसारखी एका बाजूला. सवयीने हात माझ्या खांद्यावर आला. मग तिला कडी आठवली, तो हात तिने तिकडे नेला. फाटकाच्या आत, पोर्चपासून जांभळाच्या झाडापर्यंत आणि परत. साठेक पावलांचं अंतर. दोन फेऱ्या झाल्या. अण्णा खुर्ची टाकून बसले होते, दुसऱ्या फेरीला हात वर करून ओरडले, "दुसरा टाक, दुसरा! इंजिन रडतंय!"

मी दुसरा टाकला. लेकीने वहीचं नवं पान उघडलं, रेघा आखल्या आणि नोंद केली. तारीख, अंतर, पेट्रोल. 'कारण' या रकान्यात काय लिहू, असं तिने आजीला विचारलं.

आई म्हणाली, "काय कारण लागतंय?"